वरच्या पट्टीतलं ‘हाय’

त्या दिवशी माझ्या भावाने महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर गाडी लावली, चहा सांगितला आणि तो बाकावर बसला. चहा आला तेव्हा तो गेला होता. मी साताऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होते. फोन आला. हातातल्या पुस्तकावर शिक्का मारून मी उठले.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान होता. हंगामात तो पर्यटकांना पॉइंट दाखवत फिरवायचा आणि हंगाम संपला की बँडमध्ये गायचा. लोक विचारत, कसला बँड, लग्नातला का? तो म्हणायचा, “पॉवर मेटल.” समोरच्याचा चेहरा तसाच राहिला की तो म्हणायचा, “जोरातला.”

तेराव्यानंतर आठवड्याभराने त्याचा मित्र तासगावहून साताऱ्याला आला. हा बँडचा गिटारवाला. घरची द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, आणि त्यातून वेळ काढून गिटार. माझ्या दोन खोल्यांच्या घरात तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्याने टेबलावर ठेवला.

“आक्का, शेवटचं गाणं ऱ्हायलंय. त्याचे दोन टेक हायेत. एकात ‘आहे’ हाय आणि एकात ‘हाय’ हाय.”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. मग हसलो म्हणून त्याने मान खाली घातली.

“हायचा टेक?” मी म्हणाले. “तो कधी केला?”

“तुमी गेल्यावर,” तो म्हणाला. “आमचं ठरंना आक्का. मला आहेवालं बरं वाटतंय, लय स्वच्छ हाय ते. ड्रमवाला म्हणतो नेटवर हायवालंच टाकायचं. दोन दिवस आमी एकमेकाशी बोललो न्हाई. शब्द तुमचे, तवा तुमीच सांगा. त्याचं गाणं आता एकदाच भाईर जाणार.”

तो गेल्यावर पेन ड्राइव्ह तिथेच राहिला. मी त्याच्यावर ताटली पालथी घातली. का, ते मला माहीत नाही.

*

आमचं घर वडूजकडचं, मेंढरांचं. दिवाळी झाली की आमचे वडील, आबा, कळप घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. मी शिकायला साताऱ्याला आले, भाऊ सांगलीला आयटीआयला गेला. तिथल्या वसतिगृहात तासगावच्या या मित्राने त्याच्या कानात इअरफोनचं एक टोक घातलं. ते गाणं युरोपातल्या कुठल्याशा बँडचं होतं. भाऊ मला पुढे सांगायचा की त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं, आपल्या आवाजाला काहीतरी काम आहे.

कारण त्याचा आवाज घरात कुणालाच झेपायचा नाही. भजनात बसवला तर सगळ्यांच्या वर जायचा. शाळेत प्रार्थनेला मास्तर म्हणायचे, तू नुसते ओठ हलव. फक्त माळावर त्याला कुणी काही म्हणायचं नाही. तिथे तो आबांची हाळी द्यायचा. लांब गेलेल्या मेंढरांना बोलवायला प्रत्येक घराची आपली एक हाळी असते. आमची खालून सुरू होते, वर चढते आणि वरच राहते. मी तिचा उच्चार अक्षरांत लिहायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. जमलं नाही.

मेटल म्हणजे घसा फाडून केलेली आरडाओरड, अशी माझी समजूत होती. भावाने ती दूर केली. तसले प्रकार असतात, पण हा वेगळा. यात गाणारा ओरडत नाही, चढतो. आवाज मोकळा लागतो, शब्द न शब्द कळावा लागतो. ड्रमवाला मोठा ड्रम दोन्ही पायांनी वाजवतो, इतका जलद की घोडं दौडत चालल्यासारखं वाटतं. दोन गिटारी एकच चाल एकाच वेळी वाजवतात, एक थोड्या वरच्या सुरात, दोघी बहिणींनी मिळून ओवी म्हणावी तशी. ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं. आणि शेवटचं ध्रुवपद आलं की अख्खं गाणं एक पायरी वर सरकतं. गाणारा आधीच वर असतो, त्याला अजून वर जावं लागतं.

“का?” मी विचारलं होतं.

“का म्हंजे? ऐकणाऱ्याला वाटतं आता संपलं ह्याचं. तवाच जायचं.”

मी ग्रंथपाल आहे. जे कळत नाही ते मी वाचून काढते. या संगीतावर मिळालं ते वाचलं. जुन्या वेगवान मेटलमधून ते निघालं, त्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या चाली मिसळल्या, आणि राजे, तलवारी, ड्रॅगन, लांबचे प्रवास असे विषय आले. टीकाकार त्याला पोरकट म्हणतात, कारण त्यात शेवटी नेहमी जिंकतात. मला ते पोरकट वाटलं नाही. ज्यांना रोजच्या जगण्यात फारसं जिंकायला मिळत नाही त्यांनी चार मिनिटं जिंकावं, यात हसण्यासारखं काय आहे?

सराव तासगावला, बेदाण्याच्या शेडमध्ये चालायचा. उन्हाळ्यात तिथे जाळीच्या थरांवर द्राक्षं वाळत पडलेली असत, तेव्हा बँडला सुट्टी. पाऊस लागला की शेड रिकामी व्हायची आणि हे पाच जण तारा ओढून बसायचे. अँप्लिफायरमध्ये मुंग्या शिरायच्या. वाजवायच्या आधी तो उचलून झाडायचा, हा त्यांचा नेम झाला होता. ड्रमवाला सांगलीचा, लग्नातल्या बँजो पार्टीत वाजवणारा, तोंडाचा फाटका पण मनाने फार चांगला. तो म्हणायचा, “आमच्या सुरातच गोडी हाय आक्का, मुंग्या उगं येत न्हाईत.”

पहिली दोन वर्षं ते इंग्रजी गाणी म्हणायचे. भावाला त्यातलं निम्मं कळायचं. एकदा सराव चालू असताना आबा शेडमध्ये आले होते. द्राक्षांना लेंडीखत लागतं, त्याच्या बोलण्यासाठी ते तासगावला आले होते. पोत्यावर बसून त्यांनी सगळं गाणं ऐकून घेतलं.

“ड्रॅगन ड्रॅगन म्हणतोस, ते काय असतं रं?”

“मोठा सरडा असतो आबा. आग वकतो.”

“आपल्याकडं हाय?”

“न्हाई.”

“मेंढरं खातो?”

“खात असंल.”

“मग त्याचं कौतिक कशाला? लांडग्यानं गेल्या साली चार नेली, त्याच्यावर म्हण की कायतरी.”

ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि आबांना हात जोडले. “आवं म्हाताऱ्याला बँडमदी घ्या रं,” तो म्हणाला.

पण बँडला त्या दिवशी विषय मिळाला. लांडगा, माळ, घाट, कळप घेऊन चाललेला माणूस. ड्रॅगन आणि तलवारी ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात. शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात पुस्तकं वाचणारी मी एकटी.

पहिल्या गाण्यात मी लांडग्याला ‘श्वापद’ लिहिलं. ड्रमवाल्याने कागद हातात घेऊन विचारलं, “आक्का, श्वापद म्हंजे? सापडलं का न्हाई सापडलं?” तो शब्द मी खोडला. बाकीचे ठेवले. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला भाऊ आबांची हाळी द्यायचा. ती लिहिता येत नव्हती म्हणून वहीत मी कंसात टाकलं होतं : इथे हाळी.

*

वडूजजवळच्या एका गावच्या जत्रेत त्यांना दुपारी वाजवायला मिळालं, कुस्त्यांच्या आधी. त्याच्या दोन वर्षं आधी आबांनी कळप विकला होता. गुडघे चालेनात म्हणून. त्याबद्दल ते कधी बोलले नव्हते. मी मांडवात त्यांच्याशेजारी बसले होते. लोक कुस्तीसाठी जागा धरून बसले होते आणि या लांब केसवाल्या पोरांकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसत होते.

भावाने डोळे मिटून हाळी दिली. स्पीकरमधून ती माळभर गेली.

मांडवाच्या पलीकडे मोकळ्या रानात कुणाचा तरी कळप बसवलेला होता. तिथून पाच-सात मेंढरं उठली, मग आणखी. बांध ओलांडून ती सरळ स्टेजकडे निघाली. मागून एक म्हातारा मेंढपाळ काठी उगारत धावत आला.

“कोण हाय रं त्यो? माजी मेंढरं बोलावतोय कोण?”

तेवढ्यात ड्रमवाल्याने दोन्ही पाय सुरू केले. मेंढरं बिचकली आणि स्टेजच्या कापडाखाली शिरली. गिटारवाला एका पायावर उभा राहून वाजवत होता, कारण दुसऱ्या पायाशी एक मेंढी होती. लोक हसून लोटपोट झाले. “पुन्यांदा बोलवा रं!” असा ओरडा झाला. खरं सांगायचं तर इतकं ऐकणारं गिऱ्हाईक बँडला नंतरही मिळालं नाही.

गाणं संपल्यावर म्हातारा भावासमोर उभा राहिला. “हाळी कुणाची ही?”

भावाने आबांकडे बोट केलं. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. त्या कळपात आबांची विकलेली मेंढरं होती, दुसऱ्या-तिसऱ्या हातांतून फिरत त्याच्याकडे आलेली.

“मग बराबर हाय,” तो म्हणाला. “त्यास्नी काय ठावं, धनी बदलला म्हणून.”

आबा स्टेजखाली वाकले आणि एकेका मेंढीला हात लावून त्यांनी बाहेर काढलं. भाऊ माइक हातात घेऊन तसाच उभा होता.  घरी येताना वडूजच्या स्टँडवर चहा पिताना तो म्हणाला, “आक्का, ह्याच्यावर एक गाणं पायजे. शेवटचं ध्रुवपद लय वर न्यायचं.”

ते हे गाणं. मी ते महिनाभर लिहीत होते. ध्रुवपद असं झालं :

लांडगा येऊ दे, वारा येऊ दे,
कळपाच्या कडेला मी आहे.

*

आता मला त्या ‘आहे’बद्दल लिहायचं आहे.

साताऱ्याला कॉलेजात माझा पहिला दिवस. हजेरी चालू होती. माझं नाव आलं, मी उभी राहिले आणि गावच्या सवयीने म्हणाले, “हाय.” सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एकीने हात हलवून इंग्रजीत उत्तर दिलं, “हाय!” मग सगळ्यांनीच हात हलवले. पुढे वर्षभर जिन्यात, कँटीनमध्ये, मला बघून कुणी ना कुणी हात हलवायचं. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण मी तो शब्द तोंडातून काढून टाकला. घरी गेले तरी मी ‘आहे’ म्हणायला लागले. आई म्हणायची, “पाव्हणी आल्यावानी बोलतीस.”

सांगलीच्या एका लहान स्टुडिओत गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा मी सुट्टी काढून गेले होते. काचेच्या अलीकडे मी, गिटारवाला आणि यंत्रावर बसलेला माणूस. पलीकडे भाऊ, कानांवर हेडफोन. ड्रमवाला दारात उभा राहून शेंगा खात होता. सगळं गाणं नीट झालं. शेवटच्या ध्रुवपदाला गाणं एक पायरी वर गेलं आणि भाऊ म्हणाला, “कळपाच्या कडेला मी हाय.”

मी माइकचं बटण दाबायला सांगितलं. “आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“तू हाय म्हणालास. ‘आहे’ लिहिलंय.”

त्याने पुन्हा म्हटलं. ‘आहे’वर आवाज चिरकला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. त्याने हेडफोन मानेवर ओढला.

“आक्का, तुझ्या आहेच्या मदी ह हाय. तितं वारा निघून जातो. मी वर, आनी हवा न्हाई. हायमदी ह पयलाच येऊन जातो, मग आ मोकळा. किती बी धर.”

“लोकांना ते इंग्रजी हाय वाटेल. लांडगा आला आणि हा नमस्कार करतोय, असं वाटेल.”

दारातून ड्रमवाला म्हणाला, “करू दे की. लांडगा बी म्हणंल, हाय.”

सगळे हसले. मी हसले नाही. मी म्हणाले, “हसतील तुला. तुला माहीत नाही लोक कसे हसतात ते.”

भावाने काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्याला हजेरीची गोष्ट ठाऊक होती, मी त्याला लहानपणी कधीतरी सांगितली होती.  त्याने हेडफोन चढवला आणि तो पुन्हा सुरू झाला. दहा-अकरा वेळा त्याने ती एक ओळ म्हटली. मधे कोमट पाणी प्याला. शेवटी एकदा ‘आहे’ नीट लागलं, वर लागलं, न चिरकता. यंत्रावरच्या माणसाने अंगठा दाखवला.

“झालं तुझं आहे,” भाऊ बाहेर येऊन म्हणाला. आवाज बसला होता. मी पर्समधली खडीसाखर त्याला दिली आणि साताऱ्याची बस पकडायला निघाले. बसमध्ये मला बरं वाटत होतं. गाणं शुद्ध झालं, असंच मला वाटत होतं. त्यानंतर आमची गाठ पडली ती दिवाळीत, दोन दिवस, आणि मग टॅक्सी स्टँडवरून तो फोन आला.

*

ताटली चौथ्या दिवशी उचलली. लॅपटॉप लावला. आधी ‘आहे’चा टेक ऐकला. गिटारवाला म्हणाला होता ते खरं, स्वच्छ होता. भाऊ प्रत्येक शब्द सांभाळून म्हणत होता. शेवटचं ‘आहे’ इतकं नेमकं होतं की मला त्या दहा-अकरा खेपा आठवल्या. एखाद्या परक्याच्या घरी चहाची बशी न सांडता धरावी, तसा तो गात होता.

मग दुसरा लावला.

आधी थोडी खरखर, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग भावाचा बसलेला आवाज : “आक्का गेली न्हवं? बस मिळाली का बघा.” कुणीतरी काही म्हणालं. “मग घ्या आता. एकदाच. हळूच घ्या, तिला कळलं तर मला दुसरी-तिसरीतल्या बाराखड्या काढायला लावंल.” ड्रमवाल्याचं हसणं. मग हाळी.

मी गाणं थांबवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. परत येऊन पुढे ऐकलं.

आवाज दमलेला होता. मधल्या एका ओळीत तो मागे पडला आहे, तेही कळतं. पण शेवटच्या ध्रुवपदाला गाणं वर सरकलं तसा तो मोकळा झाला. “मी हाय,” आणि तो ‘आ’ त्याने धरला. गिटारी संपल्या, ड्रम संपला, तरी तो होताच. मग तोही संपला, आणि यंत्रावरचा माणूस कुठेतरी लांब म्हणाला, “अरे बापरे.”

इंग्रजी हाय मला त्यात ऐकू आलं नाही. हजेरी ऐकू आली. कुणीतरी विचारलं आहे आणि तो सांगतो आहे.

पुढच्या रविवारी मी वडूजला गेले. आबा ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांना काय विचारायचं ते ठरवून गेले होते, पण विचारलं नाही. मोबाइलवर दोन्ही टेक भरून नेले होते. पहिला लावला. त्यांनी मोबाइल कानाशी धरून पूर्ण ऐकला.

“चांगलं म्हणतोय,” ते म्हणाले. लांबच्या नातेवाइकाच्या मुलाबद्दल बोलावं तसं.

दुसरा लावला. “आक्का गेली न्हवं” पाशी त्यांनी माझ्याकडे बघितलं. हाळीपाशी डोळे मिटले. ‘हाय’ संपल्यावरही त्यांनी मोबाइल कानापासून काढला नाही.  मग मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाले, “हितं ठिवून जा ह्यो. तू दुसरा घे.”

मी मोबाइल तिथे ठेवून आले. साताऱ्याला येऊन दुसरा घेतला, आणि त्यावरून पहिला फोन तासगावला केला.

“हायवालं टाका,” मी म्हणाले.

“आक्का, मधी एक जागा हुकलीय त्याची. लोकांना कळंल.”

“कळू दे.”

“आनी सुरुवातीचं बोलणं? ते कापतो.”

“कापू नका.”

 मला वाटलं त्याला पटलं नाही. मग तो म्हणाला, “ड्रमवाल्याला तुमीच सांगा. मी सांगितलं तर लय नाचंल माझ्यासमोर.”

मी ड्रमवाल्याला फोन केला. तो नाचला नाही. “बरं आक्का,” एवढंच म्हणाला आणि फोन तसाच धरून राहिला. त्याच्या मागे कुठल्यातरी वरातीचा आवाज येत होता.

गाण्याखाली टाकायला त्यांनी शब्द मागितले. मी वही काढली. ‘आहे’वर रेघ मारली आणि वर ‘हाय’ लिहिलं. सुरुवातीच्या कंसात ‘इथे हाळी’ होतं, ते तसंच ठेवलं.

बँड बंद आहे. शेडमध्ये बेदाणा वाळत घातला आहे. मोबाइल आबांकडे आहे. गाणं साडेचार मिनिटांचं आहे आणि ते ‘हाय’वर संपतं.